अर्धी कळ माझी

हसणार नसाल तर सांगतो. हसणारच आहात म्हणा, पण निदान चहा आधी संपवा, नाहीतर ठसका लागेल!

गोवा राज्य झालं त्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझी बायको सुलभा पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी लाटंबार्शाला आलेली. कळांची तिला भारी धास्ती. डिचोलीच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला नीट समजावलं होतं. सुरुवातीला चालत राहायचं, कळ आली की सावकाश श्वास सोडायचा, कमरेला गरम पाण्याची पिशवी धरायची. अगदीच सोसेना झालं तर इंजेक्शन. पण ते वेळेत मागायचं हं! बाळ दाराशी आलं की मग देत नाहीत, बाळाला गुंगी येते.

"मी सांगलंय काय सिस्टरीक बोलवन घेवन येवचा. येवढा एकच काम तुमचा," सुलभानं मला बजावलं. तिनं इंजेक्शन म्हटलं की सिस्टरला आणायचं, मी छाती पुढे काढून शब्द दिला.

तो दिवस उजाडला तेव्हा मी सासऱ्यांच्या काजूच्या बागेत. बोंडांचा ताजा गाळलेला रस, आमचा नीरो! समोर आल्यावर कोण सोडतो? वर बरका फणस. एवढ्यात घरून हाक आली, कळा सुरू झाल्या! जीप केली आणि सासूबाईंसकट डिचोली गाठली.

आत सुलभा कण्हतेय, बाहेर मी येरझाऱ्या घालतोय. सासूबाई वैतागल्या. "जावयबापू, नुसते फिरतास कित्याक? देवाक गाऱ्हाणा तरी घाला!"

गाऱ्हाणं म्हणजे एकानं देवाला साकडं घालायचं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा. इस्पितळाच्या अंगणातल्या आंब्याखाली मी नारळ ठेवला. "बा देवा म्हाराजा, हिका सुखरूप मोकळी कर रे म्हाराजा!"

तिथे बसलेले सगळ्या पेशंटांचे नातेवाईक, अहो, रिक्षावालेसुद्धा ओरडले, "व्हय म्हाराजा!"

झालं! एवढा होकार मला जन्मात कुणी दिला नव्हता. मला चढलीच. "तिची अर्धी कळ माका दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि नारळ फोडायच्या आत माझ्या पोटात कळ आली! साधीसुधी नव्हे, वाकलोच. थांबली. परत आली, पहिलीपेक्षा जोरात!

"देव पावलो!" मी किंचाळलो.

सासूबाईंनी जावयाला चक्क हात जोडले. एक म्हातारी कानाशी येऊन म्हणाली, "माझ्या सुनेचीय थोडी घेशीत काय रे बाबा?"

मी जमिनीवर लोळू लागलो. सिस्टर धावत आल्या. अख्ख्या इस्पितळात त्या वेळी सिस्टर म्हणून त्या एकट्याच. त्यांनी पोट तपासायला हात लावला तर मी झटकला. "औषध नको! माझी कळ थांबली तर तिच्याकडे परत जाईल!"

चौघांनी मला धरलं. तेवढ्यात आतून सुलभाचा आवाज आला, "सिस्टर! इंजेक्शन!"

मी ऐकलं का? शपथेवर सांगतो, ऐकलं. पण मला वाटलं, हिला तर अर्धीच कळ, सोसेल की!

शेवटी गलका ऐकून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "सकाळी काय घेतलंत?"

"नीरो."

"किती?"

"थोडासाच."

"थोडोसो?" सासूबाई उसळल्या. "अख्खी कळशी रिती केल्यानी! वर अर्धो फणस!"

डॉक्टरीणबाईंनी मला एकदा न्याहाळलं. "संडास उजव्या हाताला आहे. पळा."

मी बाहेर आलो तेव्हा पोट एकदम हलकं, आणि आतून बाळाचं रडणं! सिस्टर कपाळाला हात लावून उभ्या. "तुम्हाला धरता धरता इंजेक्शनची वेळ गेली. सगळं तसंच सोसलं हो तिनं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक काम होतं माझ्याकडे, एक! दबकत आत गेलो. सुलभा घामानं निथळलेली, कुशीत मुलगी. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "कमी झाली तुमची?"

बारशाच्या आदल्या दिवशी शेजारीण अळिवाचे लाडू घेऊन आली. मी पडवीत बसलो होतो. "बाळंतीण खंय गो?" तिनं विचारलं.

सासूबाई म्हणाल्या, "खंयची? एक आत निजलीहा, दुसरी ही बसलीहा!"

शेजारणीनं डबा उघडून एक लाडू माझ्या हातावर ठेवला. आता काय करणार? खाल्ला.