यकृताचा उजळ भाग

रेडिएशन विभागात तिला सगळे हळूबाई म्हणत. किरण कुठून सोडायचे आणि किती, हे कॉम्प्युटरवर आखायचं तिचं काम. ते ती इतकं सावकाश करी की डॉक्टर चहा पिऊन परत आले तरी हिची रेघ तिथल्या तिथेच. घरीही तेच. सासूबाई कौतुकानेच म्हणायच्या, "आमची सून भाजी चिरायला बसली की पाहुणे उपाशी झोपतात."

एकदा गाडी चालवायला शिकवणारे एक मास्तर आले. यकृतात कॅन्सरची गाठ, आणि जुन्या काविळीने यकृत आधीच खिळखिळं झालेलं. उजवीकडून किरण सोडायचे, तोच जवळचा रस्ता, असं ठरलं. आखणीही झाली. पण हळूबाईचं मन काही घेईना. साध्या स्कॅनमध्ये अख्खं यकृत एकसारखं करडं दिसत होतं. त्यातलं राबणारं किती आणि नुसतं जागा अडवून बसलेलं किती, हे कळायला मार्ग नव्हता.

"आणखी एक स्कॅन करू या का?" तिने डॉक्टरांना विचारलं. "इंजेक्शन देऊन. जो भाग धडधाकट आहे तो औषध ओढून घेईल आणि उजळ दिसेल."

डॉक्टरांनी तारखा चाळल्या. "उपचार थोडे लांबतील. पण करू."

मास्तर मात्र वैतागले. "बाई, सिग्नल हिरवा झालाय आणि तुम्ही हँडब्रेक ओढून बसलात."

"पुढे कोण उभं आहे ते बघून घेते, मास्तर."

मास्तरांच्या बायकोला हसू फुटलं. आजार कळल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती.

चित्र आलं आणि हळूबाईने ते जुन्या आखणीशेजारी लावून पाहिलं. यकृताचा चांगला, उजळ तुकडा नेमका ठरलेल्या वाटेवरच होता. मागचा भाग मात्र काळाठिक्कर. तिने जुनी आखणी पुसली आणि पाठीकडून, त्या निकामी भागातून नवी वाट काढली. डॉक्टरांनी ती नीट पाहून मान डोलावली.

उपचारांत मास्तर थकले, जेवण नकोसं झालं, पण कावीळ काही फिरकली नाही. काही महिन्यांनी पाहिलं तर गाठ आक्रसली होती आणि यकृत तग धरून होतं. हळूबाईने नवराबायकोला आत बोलावून पडद्यावर तो उजळ भाग दाखवला.

बायकोने डोळे बारीक केले. "एवढ्यावर चालतं होय यांचं?"

"चालतं की. फक्त जपा."

"जपते ना," ती म्हणाली, आणि मास्तरांच्या शर्टाचं सुटलेलं बटण लावू लागली.