शिंगवाला आणि बिनशिंगी

मदांगच्या जंगलात फांद्या झोडपायच्या, खालच्या चादरीवर पडलेले भुंगेरे जातवार लावायचे, हे काम मालिंग वीस वर्षं करत होती. परदेशातून आलेले डॉक्टर हेन्रिक आज दुपारच्या विमानाने दोन नव्या जातींचे नमुने घेऊन निघणार होते. काळ्या शिंगवाल्याला त्यांनी आपल्या गुरुजींचं नाव दिलं होतं, तपकिरी बिनशिंगीला आपल्या मुलीचं.

"साहेब, जात एकच आहे. ही त्याची बायको," मालिंग म्हणाली.

"कशावरून?"

"अंजिरावर दोघांना चिकटलेलं पाहिलंय मी."

"मालिंगबाई, वीस वर्षांत डोळे थकतात."

मालिंगचं डोकं सणकलं. सकाळीच पकडलेले दोन जिवंत किडे, एक शिंगवाला आणि एक तपकिरी, तिने पानासकट बरणीत सोडले. शिंगवाला काचेवरून दोनदा घसरला. बाहेर गाडीचा भोंगा वाजला. साहेब उठले, आणि तेवढ्यात शिंगवाला सरळ तपकिरीच्या पाठीवर चढला.

साहेब मटकन खाली बसले. "म्हणजे एक नाव खोडावं लागणार."

मालिंगने सुपारी गालात सरकवली.

"मग शिंगवाल्याचं खोडा," ती म्हणाली. "दर वेळी बाईनंच का नाव सोडायचं?"