डिझेलच्या खिडकीवरची भवानी

मासेमारीबंदी उठून दुसराच दिवस होता. मच्छीमार सोसायटीच्या डिझेलच्या खिडकीसमोर रांग लागली होती आणि आत संगणकाच्या पडद्यावर गोल चक्र फिरत होतं. सोसायटीचे सगळ्यात मोठे सभासद असलेल्या शेठच्या अठरा बोटींची डिझेलची स्लिप निघत नव्हती, आणि स्लिपशिवाय पंपावरचा माणूस नळीला हात लावत नाही. ओहोटी लागली की मोठ्या बोटी खाडीच्या तोंडाशी गाळात टेकणार, म्हणजे दिवस बुडाला.

चेअरमननी मला बोलवायला फोन न करता माणूस पाठवला, त्यावरूनच मी काय ते ओळखलं.

"सिस्टीम सांभाळायचा तुझा तीन वर्षांचा करार आज संध्याकाळच्या मीटिंगला आहे," ते म्हणाले. "शेठ ओहोटीच्या आत सुटले तर तुझा. नाहीतर पुण्याची कंपनी तयारच आहे."

"एक तास द्या. आणि खोलीत कुणी नको."

"पाऊण तास. आणि मी इथेच बसणार."

"बसा. पण बोलू नका."

ही सिस्टीम मी बांधलेली. टायपिंगच्या दुकानात लोकांचे अर्ज टाइप करता करता मी हे काम शिकलो, कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. म्हणून पुण्याच्या त्या कंपनीच्या इंजिनिअरने आदल्या वर्षी भर मीटिंगमध्ये माझ्या कामाला 'घरगुती' म्हटलं, ते मला अजून खुपतं. क्वेरी म्हणजे सर्व्हरला विचारलेला प्रश्न. उत्तर कोणत्या वाटेने शोधायचं हे सर्व्हर आधी ठरवतो, त्याला कंपाइल करणं म्हणतात. तेव्हा माझा सर्व्हर प्रत्येक सभासदासाठी ही वाट नव्याने ठरवत होता. ती एकदा ठरवून कॅशेत, म्हणजे हाताशी, ठेवायला हवी, असं त्या इंजिनिअरचं म्हणणं. मी त्याच्याशी कडाकडा भांडलो. आणि बंदीच्या दिवसांत घरी बसून गुपचूप तेच केलं.

पहिल्या दिवशी सगळं भराभर झालं, मी मनात खूश होतो. आता मी मेमरी तपासली, डिस्क तपासली, वायरसुद्धा बदलून पाहिली. वीस मिनिटं गेली. चेअरमननी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं होतं. बाहेरून शेठच्या बोटीचा तांडेल ओरडला, "अरे, कम्प्युटरची बंदी उठली नाय काय अजून?" रांग खदाखदा हसली.

खिडकीवर बसणारी बाई हळूच म्हणाली, "दादा, एक सांगू? आज भवानीच बरी नाय झाली. काल पहिली स्लिप शेठची होती. आज काकांची."

काका म्हणजे एका लहान होडीचे मालक. भरलेले कॅन पायाशी ठेवून ते दाराजवळ रिक्षाची वाट बघत उभे होते.

"मशीनला भवानीबिवानी कळत नाही!" मी तिच्यावर खेकसलो. "तू बटणं दाब फक्त."

"तीच तर दाबते सकाळपासून," ती म्हणाली. "काकांच्या मागून लहान होडीवाले सगळे पटापट सुटले. अडले ते मोठेच."

माझा हात थांबला. सोसायटी रात्री सर्व्हरची वीज बंद करते, त्यामुळे सकाळी कॅशे रिकामी असते. मग जो पहिला येईल त्याच्या मापाने वाट ठरते आणि दिवसभर तीच सगळ्यांना लागते. काकांच्या मोजक्या नोंदींना एकेक कागद उचलून बघायची वाट पुरेशी होती. सर्व्हर तीच वाट धरून शेठच्या अठरा बोटींचं कित्येक वर्षांचं दप्तर उपसत बसला होता. काल शेठ पहिले होते, म्हणून सगळं दप्तर एकदम उघडायची वाट ठरली. लहानांना तेव्हा थोडा उशीर झाला असेल, पण तो कुणाला जाणवला नाही. दोन गिऱ्हाइकांना एकच भाव मी जन्मात सांगितलेला नाही, आणि मशीनला मात्र मी नेमकं तेच शिकवून ठेवलं होतं.

सगळी कॅशे झाडून टाकली असती तर शेठ सुटले असते, पण उद्या पुन्हा तेच झालं असतं. म्हणून स्लिपच्या त्या एकाच क्वेरीला सूचना लिहिली: हिची वाट साठवू नकोस, दर वेळी सभासद बघून ठरव. बाकीच्यांना हात लावला नाही. बाईने बटण दाबलं आणि प्रिंटर कुरकुरला. तांडेल स्लिपा ओढून धावत सुटला.

चेअरमननी घड्याळ मनगटावर चढवलं. "म्हणजे भवानीच वाईट होती. उद्यापासून पहिली स्लिप शेठची. काका, तुम्ही जरा मागून येत जा."

काका खाली बघत राहिले. मी नुसती मान हलवली असती तर करार माझा होता.

"काकांचा काय संबंध?" मी ओरडलोच. "चूक माझी आहे! कुणाला न विचारता बदल केला, आणि मोठ्या सभासदावर तपासून पाहिला नाही. तोही त्या पुणेवाल्याने सांगितलेला बदल!"

"म्हणजे त्याचं ऐकलंस."

"अर्धंच ऐकलं. आधी तपासून घे, असंही तो म्हणाला होता. ते सोडलं, म्हणून तर हे झालं."

चेअरमन उठले. काकांनी कॅन उचलले आणि माझ्याकडे न बघता रिक्षात घातले.

संध्याकाळी तासभर घासाघीस करून करार झाला तो एका हंगामाचा. तेव्हापासून दर वर्षी बंदी उठायच्या आधी मी चेअरमनच्या त्या टेबलासमोर बसतो आणि नव्याने भांडून तेच काम मिळवतो. त्या दिवशी गप्प बसलो असतो तर तीन वर्षं निवांत गेली असती, हे तिथे बसल्यावर हटकून आठवतं, आणि मग माझा आवाज चढतो.