आई खाली उतरत नव्हती

वडील दिवाळीनंतर गेले. चौसाळ्यात हायवेला त्यांचं पंक्चरचं दुकान होतं, तिथंच छातीत कळ आली. तेरावा झाला, पाहुणे पांगले आणि घरात मी आणि आई उरलो. पुण्याच्या कंपनीनं मला घरून काम करायला परवानगी दिली होती. मला रडू येत नव्हतं, आईलाही नाही. वेळेवर जेवायचो, भांडी घासायचो, कुणी आलं की चहा टाकायचो.

त्याच दिवसांत मी लॅपटॉपवर एक फुकटचा खेळ उतरवून घेतला. कुणीतरी एकट्यानं हौसेनं बनवलेला. चित्रं नाहीत, आवाज नाही, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. ई-मेलच्या पत्त्यात असते ती ॲटची खूण म्हणजे आपण. आर म्हणजे उंदीर, डी म्हणजे कुत्रा. भुयाराचे मजले एकाखाली एक, आणि दर वेळी भुयार नवं. मेलं की सगळं पुसलं जातं. पुन्हा वरच्या मजल्यापासून, रिकाम्या हातानं. अशा खेळांना रोगलाइक म्हणतात. बहुतेकांना ते कधीच जिंकता येत नाहीत.

दुपारच्या सुट्टीत मी कितीदा तरी मरायचे. काही वाटायचं नाही, आणि तेच बरं वाटायचं. निदान का मेले ते कळायचं: पळायचं तिथं थांबले, नाहीतर न ओळखता बाटलीतलं औषध प्यायले. वडलांचं काय चुकलं, ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नव्हतं.

एका दुपारी आई शेंगा फोडत शेजारी येऊन बसली.

"ह्ये काय हाय गं?"

"खेळ आहे. ही खूण म्हणजे मी. हा उंदीर."

तेवढ्यात उंदरानं मला मारलं.

"मेलीस?"

"मेले."

"मंग आता?"

"आता पहिल्यापासून."

दुसऱ्या दिवशी ती पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "दे इकडं." तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण अक्षरं ओळखते. मी बाणांची बटणं दाखवली. आपण हललो नाही तर या खेळात कुणीच हलत नाही. तिला ते फार आवडलं. "आपण थांबलं की समदेच थांबत्यात. लई चांगलं हाय."

तिनं उंदीर मारले, सापडलं ते खाल्लं, सगळ्या खोल्या पाहिल्या. जिना आला की मात्र मागं फिरायची.

"आई, खाली जावं लागतं."

"न्हाई जायाचं. हितं बरं हाय."

रिकाम्या खोल्यांतून ती फिरत राहिली. पडद्याच्या तळाशी भूक लागल्याची सूचना आली, ती मी वाचून दाखवली.

"खायला दे मंग."

"या मजल्यावरचं संपलं. आता खालीच मिळेल."

ती आणखी एक चक्कर मारून आली आणि मेली.

"कशानं?"

"भुकेनं."

"कुणी मारलं न्हाई, तरी?"

"तरी."

तिनं बटणांवरचे हात मांडीवर घेतले. "बसून बी मरतंय व्हय," म्हणाली. मला वाटलं, आता रडेल. ती उठली आणि दूध तापवायला ठेवलं.

त्यानंतर ती जिने उतरू लागली. सावकाश, एकेक पाऊल पडदा न्याहाळत. एकदा मी कधीच पोचले नव्हते इतक्या खाली गेली. मी शेजारी बसून होते, ऑफिसचा फोन वाजून बंद झाला तरी उठले नाही. मग तिनं एक दार उघडलं. पलीकडे आम्ही दोघींनीही न पाहिलेलं अक्षर उभं होतं. त्याच्या दोन फटक्यांत खेळ संपला.

"गेली," आई म्हणाली.

तिनं लॅपटॉप मिटला. "तेलगावला जाऊन येते. तुजी मावशी लई दिवस बोलावतीय."

संध्याकाळी चुलते आले. "वैनी, वरीस व्हायच्या आत कावून बाहेर पडायचं? लोक काय म्हनतील?"

"जाते मी, भावजी," एवढंच ती बोलली, आणि त्यांच्यासाठी चहा ठेवला.

सकाळी मी तिला बीडच्या एसटीत बसवलं. पुढं गाडी बदलायची होती. खिडकीजवळ जागा मिळाली. पिशवी मांडीवर घेऊन ती समोर बघत राहिली. गाडी हलली, तेव्हा मी हात वर केला की नाही, आठवत नाही. घरी येऊन सकाळचं पिठलं गरम केलं, उभ्यानंच भाकरी खाल्ली, ताटली विसळली आणि कामाला बसले.