अरुणाला आवडलेला सिनेमा

लखनौच्या मानक नगरात, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या जगदीश पाटणकरांना एका सिनेमाचं वेड होतं. तुर्की आणि इटालियन मंडळींनी मिळून चार पैशांत उरकलेला, भावाच्या खुनाचा सूड घेणाऱ्या मच्छीमाराचा मारधाडपट. तो कुणालाच ठाऊक नाही, याचाच जगदीशना अभिमान. बायकोला, अरुणाला, त्यांनी कितीदा तरी दाखवायला घेतला. पण भावाचं प्रेत किनाऱ्याला लागेपर्यंत ती घोरू लागायची.

वरच्या मजल्यावर नागपूरचा धनंजय बदलून आला. "साहेब, काही हटके आहे का बघायला?" त्याने विचारलं, आणि जगदीशनी मोठ्या हौसेने पेन ड्राइव्ह दिला.

शनिवारी ते बाजारातून परतले तर दाराला कुलूप. वरून हसण्याचा गलका. ते वर गेले. धनंजयने टीव्हीचा आवाज बंद केला होता आणि सगळ्या पात्रांचं तोच बोलत होता : "माह्या भावाले मारलं काय बे? थांब, दाखवतोच तुले!" सोफ्यावर अरुणा डोळे पुसत हसत होती.

"पापा, आओ ना, बहुत मज़ा आ रहा है," लेक मुक्ता म्हणाली.

जगदीश दारातच उभे राहिले. सिनेमाची टिंगल एक वेळ त्यांनी सोसली असती. पण अरुणा धनंजयकडे वळून विचारत होती, "पुढे काय हो? सापडतो का खुनी?" तिने त्यांना असं कधीच विचारलं नव्हतं.

"मच्छीमाराच्या वहिनीनेच करवलेला असतो भावाचा खून," जगदीश मोठ्याने म्हणाले. "शेवटी कळतं."

धनंजयने मुकाट्याने टीव्ही बंद केला.

जिन्यात अरुणा म्हणाली, "जळलात ना?"

"मी कशाला जळू?"

"मग मला कधी सांगितलंत का, ते काय बोलतात? नुसतं 'श्श, नीट बघ'!"

"मला कुठे तुर्की येतं?"

"त्याला तरी कुठे येतं!"

पुढच्या रविवारी जगदीशनी चहा केला, सिनेमा लावला आणि ते घसा खाकरून मच्छीमाराचं बोलू लागले. ऑफिसचा अहवाल वाचावा तसे. अरुणा मात्र शेवटपर्यंत जागी राहिली. मधे एकदा खुदकन हसलीसुद्धा. ती आपल्या बोलण्याला हसली की धनंजयचं काही आठवून, हे विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते चहाबरोबर गिळलं.