दोन एडिशन आणि नानांचा कालवा

मंडळी, एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन सॉफ्टवेअरना बोलतं करायचं, याचाच मला पगार मिळतो. इथले गूढ अनुभव वाचताना मी नेहमी मनात म्हणायचो — कुणी मशिनच्या नोंदींचा लॉग बघितलाय का? त्यामुळे पुढचं लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय...

आम्ही कॅरीत राहतो, नॉर्थ कॅरोलिनात. मी, बायको प्राजक्ता आणि नऊ वर्षांची इरा. माझे सासरे, नाना, नागपूरहून सहा महिने आले होते. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. इराने त्यांना तो ठोकळ्यांचा गेम शिकवला आणि आजोबा-नात आमच्या कॉम्प्युटरवर आळीपाळीने कालवा खणू लागले. ती इंग्लिशमध्ये बोलायची, ते मराठीत. दोघांचं छान चाललं होतं.

कालवा अर्धा राहिला आणि नाना परत गेले. तिकडे त्यांनी टॅब्लेट घेतला, पण टॅब्लेटवरचं गेमचं एडिशन वेगळं, आमच्या कॉम्प्युटरवरचं वेगळं. एकत्र खेळायचं तर मध्ये जोडणारा सर्व्हर बसवावा लागतो. मी म्हटलं, "त्यात काय, दोन दिवसांत करतो."

दहा आठवडे झाले. इराने खेळणं सोडलं, आणि मग फोनवर बोलणंही. "हाय आजोबा, बाय आजोबा" की संपलं. मी सगळ्यांना "काम चालू आहे" सांगत होतो. खरं तर मी त्या सर्व्हरची फाइल डाउनलोडसुद्धा केली नव्हती. एकदा नानांनी प्राजक्ताला विचारलं, "जावई ऑफिसात नेमकं करतात काय, बाप्पा?" फोन स्पीकरवर होता.

मग एका शनिवारी, सकाळी नऊला — म्हणजे नागपुरात संध्याकाळ — इरा ओरडत आली. "बाबा, आजोबा इज हिअर!"

स्क्रीनवर निळ्या शर्टाचा एक ठोकळा-माणूस कालवा खणत होता. मला वाटलं, कुणीतरी पोर टिंगल करतंय. पण इराचं गेममधलं जग आमच्याच मशिनवर होतं, नेटवर शेअर केलेलं नव्हतं. तिथे कुणी येणार कुठून? मी नानांना व्हिडिओ कॉल लावला. ते टॅब्लेटवर वाकलेले.

"प्रसादराव, पोरीनं उतार चुकवला. पाणी इकडं येऊन राहिलं."

त्यांनी टॅब्लेट कॅमेऱ्यासमोर धरला. त्यावर गेममधली इरा उभी होती, आमचा कालवा होता, आणि एडिशन दुसरंच.

मी सरळ राउटर बंद केला. व्हिडिओ कॉल कटला. बेडरूममध्ये प्राजक्ताचा ऑनलाइन योगा कटला, आणि ती काय म्हणाली ते इथे लिहीत नाही. नाना मात्र स्क्रीनवर खणतच होते...

राउटर चालू केल्यावर नानांचाच फोन आला. "जावई कामाचे निघाले," ते म्हणाले. लग्नानंतरच्या अकरा वर्षांत पहिल्यांदा. प्राजक्ताने न मागता चहा आणून दिला. मी चहा घेतला, आणि श्रेयही.

त्यानंतर दर शनिवारी ते दोघं खेळू लागले. इरा तासन्‌तास मराठीत "आजोबा, इथे खणू?" विचारायची. उद्या हे आपोआप बंद पडलं तर मी पोरीला काय सांगू? शेवटी न राहवून मी नानांना एकट्याने फोन केला.

"नाना, ते मी जोडलेलं नाही. मी काहीच केलेलं नाही."

मला वाटलं, आता खरडपट्टी.

"तुम्ही नाही?" नाना हळूच म्हणाले. "पंचाईत झाली. मी तर घरी, कॉलनीत, सगळीकडे सांगून बसलो, की मीच जोडलं."

स्पष्टीकरण आजही नाही. मशिन तपासून झालं, लॉग वाचून झाले, ऑफिसातल्या दोघांना दुसऱ्याच कुणाची गोष्ट म्हणून विचारून झालं. ते हसले.

पूर्वी नाना आणि मी हवापाण्यापलीकडे बोलत नसू. आता दर शनिवारी इरा उठायच्या आत त्यांचा मला फोन येतो, सासूबाईंना ऐकू जाऊ नये अशा आवाजात. "प्रसादराव, आज चालेल ना?"

आणि मी, काडीची कल्पना नसताना, ठामपणे सांगतो, "चालेल, नाना."