अक्कानं घेतलेली दोन बोर्डांची परीक्षा

अक्का माझी चुलत बहीण. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, तरी नांदेडच्या पॉलिटेक्निकला माझ्याच वर्गात. भूकंपात गाव गेलं तेव्हा मोठे बाबा, म्हणजे तिचे वडील, लातूरला आले, आणि तेव्हापासून घरात एक डॉक्टर पाहिजे एवढंच त्यांचं म्हणणं. अक्कानं दोन वर्षं मेडिकलचे क्लास केले, दोन्ही खेपेला मार्क कमी पडले. एका सकाळी गुपचूप बॅग भरली अन् नांदेडला आली. बोलायची लई कमी झाली होती. मी तिच्या क्लासच्या सरांची नक्कल करायचो, "बेटाऽ, झोप काय, रिझल्ट लागल्यावर घ्या!" तरी हसायची न्हाई.

मग रोबोटची स्पर्धा आली. तीन मिनिटांत चेंडू शोधायचे, उचलायचे, टोपलीत टाकायचे. मोटारी चालवायला एक कंट्रोलर होता, पण कॅमेऱ्यातून चेंडू ओळखणं काही त्याला जमणारं नव्हतं. त्याच्या जोडीला एक छोटा कॉम्प्युटर लागणार होता. "थोरलीनं चूल बघावी, धाकट्या जावंनं दार," असं मी मोठ्या आईच्या आवाजात समजावलं. अक्का फस्सकन हसली. म्हटलं, चला, कॉलेजची फी वसूल.

लॅबमध्ये तसे दोन कॉम्प्युटर होते, नुसते उघडे बोर्ड. एक मोठा, पंखावाला, ताकदीचा. दुसरा लहाना, पत्त्यांच्या कॅटएवढा. यातला कोणता घ्यायचा? अक्कानं क्लासमध्ये शिकली तसं केलं, टेस्ट सिरीज लावली. दर रविवारी दोघांना चेंडू ओळखायला शंभर फोटो, चुकलं की निगेटिव्ह मार्किंग, भिंतीवर रँक लिस्ट. मोठा कायम पहिला. लहान्याच्या पालकांना बोलवावं का, असं मी विचारून राहिलो होतो. तीन महिने अक्कानं मोठ्यासाठी प्रोग्रॅम लिहिला. येता-जाता त्या लिस्टपाशी थांबायची.

स्पर्धेला दहा दिवस उरले तेव्हा रोबोट पहिल्यांदा बॅटरीवर जमिनीवर सोडला. चेंडू दिसला, मोटारींनी जोर लावला अन् मोठा बोर्ड बंद! परत जागा व्हायला त्याला पाऊण मिनिट. पुन्हा सोडला, पुन्हा तेच.

आमच्या गल्लीत मोबाईल दुरुस्तीवाले चाचा होते, आमच्या वायरींना सोल्डरचा डाग तेच द्यायचे. रोबोट त्यांच्या दुकानात नेला. त्यांनी मीटर लावून बघितलं.

"मोटारीनं एकदम करंट खेचला की बॅटरी दबती. ये तुम्हारा पैलवान भुका मरता, बैठ जाता. बेटी, इम्तेहान बसवून घेतला का पळवून?"

"बसवून," अक्का म्हणाली. तिन्ही महिने टेबलावर, भिंतीतल्या प्लगवर.

मोठ्याला वेगळी बॅटरी द्यावी, तर स्पर्धेच्या नियमानं एकच लावता यायची. चाचांनी लहाना जोडून दिला. मोटारी ओरडल्या, तरी तो जागाच. त्याला लागतंच किती! पण अक्काचा प्रोग्रॅम त्याला झेपेना. चेंडू घरंगळून गेल्यावर त्याला दिसायचा.

लॅबकडं परतताना ऑटोत अक्का मोठा बोर्ड मांडीवर घेऊन बसली. मला ती लातूरची बॅग आठवली. सरांचा आवाज काढायला तोंड उघडलं अन् मिटलं.

"अक्का, सोडायचं का गं?"

"गप की. विचार करून राहिले ना."

लॅबमध्ये आल्यावर तिनं लहाना पुढ्यात ओढला. "याला एवढे मोठे फोटो दाखवतोच कशाला आपण? चेंडू लाल, फरशी करडी. लाल कुठं हाय, एवढंच विचारायचं."

"म्हणजे पहिलं सगळं…"

"हाव. पहिलं सगळं गेलं."

"दहा दिवसांत होईल?"

"मला काय म्हाईत? तू चेंडू टाक."

संध्याकाळपर्यंत तिनं काहीतरी उभं केलं. मी चेंडू टाकला. रोबोट थरथरला, वळला, अन् चेंडू सोडून माझ्या लाल चपलेमागं लागला. मी टेबलावर चढलो.

"अगं अक्का, आवर याला!"

अक्का पोट धरून हसत होती. मग डोळे पुसले, खुर्ची पुढं घेतली.

"चप्पल काढ," म्हणाली, "अन् अजून एक टाक."